मिनिटाला २५ शब्द: इसिखोसा बोलणारी मुलं वाचनात मागे का दिसतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात एका प्राथमिक शाळेसोबत काम करणाऱ्या मराठी शिक्षिकेनं विचारलंय, "इथली मुलं तिसरीपर्यंत इसिखोसात, म्हणजे घरच्याच भाषेत शिकतात. तरी वर्ष संपताना बरीच मुलं मिनिटाला २५ शब्दांच्या आसपासच वाचतात. माझ्याजवळच्या इंग्रजी तक्त्यात तिसरीसाठी शंभराच्या पुढचा आकडा आहे. चौथीत इंग्रजी माध्यम सुरू झालं की सगळ्या विषयांत घसरण होते. मग मातृभाषेतून शिकवण्याचा आग्रह इथे फसला असं म्हणायचं का? आणि मी वर्गात आधी काय बदलू?"

मी आधी मराठीत आणि नंतर न्गुनी गटातल्या भाषांत (इसिखोसा, इसिझुलू, सिस्वाती, इसिन्देबेले) सुरुवातीचं वाचन शिकवणाऱ्या शिक्षकांबरोबर बरीच वर्षं काम केलंय. त्या अनुभवावरून सांगतो, घरच्या भाषेवर ठपका ठेवू नका. मुलं तिसरीपर्यंत इसिखोसात बसतात हे खरं, पण इसिखोसा वाचायला त्यांना इसिखोसाच्या रीतीनं कुणी शिकवत नाही. इंग्रजीसाठी बनलेल्या पद्धती, इंग्रजीसाठी बनलेले तक्ते आणि इंग्रजीतून भाषांतरित पुस्तकं या भाषेवर चढवली जातात. आणि वाचन पक्कं व्हायच्या आत माध्यम बदलतं.

पहिल्यांदा तुमचा तक्ता बाजूला ठेवा. इसिखोसात 'आन्दिकायिफुन्दी' हा एक शब्द आहे. अर्थ, 'मी ते (पुस्तक) अजून वाचलेलं नाही'. नकार, कर्ता, 'अजून', कर्म, धातू आणि शेवटचा प्रत्यय हे सगळं एका शब्दात, मध्ये कुठेही जागा न सोडता. मराठीत याला पाच-सहा शब्द लागतात, इंग्रजीतही तेवढेच. म्हणजे इसिखोसातले २५ शब्द वाचणारं मूल इंग्रजीतल्या २५ शब्दांपेक्षा कितीतरी जास्त मजकूर डोळ्यांखालून घालत असतं. शेजारच्या सेसोथो आणि सेत्स्वाना भाषा व्याकरणानं जवळच्याच, पण त्या हेच तुकडे सुटे लिहितात, त्यामुळे त्यांचे शब्द आखूड आणि मिनिटाचा आकडा मोठा. या तिन्ही भाषांना एकच मोजपट्टी लावणं म्हणजे मुलांवर अन्याय आहे.

यासाठीच २०२० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत न्गुनी भाषांसाठी वेगळे टप्पे ठरवले गेले. पहिलीच्या अखेरीस मिनिटाला ४० अक्षरध्वनी, दुसरीच्या अखेरीस किमान २० शब्द बरोबर, आणि तिसरीच्या अखेरीस ३५ शब्द. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. हजारो मुलांचं वाचन तपासल्यावर दिसलं की २० च्या खाली असलेल्या मुलांना उताऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरं जवळजवळ देताच येत नाहीत. सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यात जाते. ३५ च्या आसपास पोचल्यावर अर्थ हाती लागायला लागतो. म्हणून तुमच्या वर्गातली २५ वाली मुलं शून्यावर नाहीत. ती उंबरठा ओलांडून आत आलेली आहेत, पण तिसरीच्या टप्प्याला पोचलेली नाहीत. खरी काळजी करा ती २० च्या खालच्यांची, आणि ज्यांना एकही शब्द वाचता येत नाही त्यांची तर आजच.

आता राष्ट्रीय चित्र. चौथीच्या मुलांची 'पर्ल्स' ही आंतरराष्ट्रीय वाचनचाचणी दर पाच वर्षांनी होते. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली ७८ टक्के मुलं तिच्या सर्वांत खालच्या पायरीपर्यंतही पोचली नव्हती. ही पायरी म्हणजे मजकुरात सरळ लिहिलेली माहिती शोधून सांगणं, एवढीच. २०२१ मध्ये, कोविडच्या काळात शाळा आलटून-पालटून भरत असताना, हे प्रमाण ८१ टक्क्यांवर गेलं. चाचणी तेव्हाच्या अकराही अधिकृत भाषांत झाली, आणि आफ्रिकी भाषांत परीक्षा देणारी मुलं इंग्रजी आणि आफ्रिकान्सवाल्यांच्या (आफ्रिकान्स ही डचमधून निघालेली भाषा) बरीच मागे होती. इथूनच "बघा, मातृभाषेत शिकवल्याचा परिणाम" असा निष्कर्ष निघतो, आणि तो चुकीचा आहे.

इसिखोसा माध्यमाच्या शाळा बहुतेक कुठे आहेत ते बघा. जुन्या ट्रान्सकेई आणि सिसकेई या 'होमलँड' (वर्णद्वेषी राजवटीनं काळ्यांसाठी वेगळे काढलेले प्रदेश) भागांतल्या खेड्यांत, आणि केपटाऊनच्या खायेलित्शासारख्या वस्त्यांत. वर्गात पन्नासच्या वर मुलं, ग्रंथालय नाही, पुष्कळ मुलं आजीजवळ वाढतात कारण आईबाप कामासाठी शहरात. इंग्रजीत परीक्षा देणाऱ्यांत सुखवस्तू घरातली आणि पूर्वी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळांतली मुलं मोठ्या संख्येनं असतात. ही तुलना भाषेची कमी आणि गरिबीची जास्त आहे. भाषेचा परिणाम वेगळा काढायचा तर शाळा तीच ठेवून माध्यम बदलल्यावर काय होतं ते पाहायला हवं. स्टीफन टेलर आणि मरीसा फोन फिन्टेल या संशोधकांनी २०१६ मध्ये नेमकं तेच केलं. ज्या शाळांनी सुरुवातीच्या इयत्तांचं माध्यम बदललं त्यांची त्यांच्याशीच तुलना केली. निष्कर्ष असा की पहिल्या तीन इयत्ता घरच्या भाषेत शिकलेल्या मुलांचं पुढे इंग्रजीसुद्धा सुधारतं. पालकसभेत कुणी विचारलं तर हे जरूर सांगा.

पालकांच्या मनातला संशय मात्र समजून घ्या, त्यांना अडाणी समजू नका. वर्णद्वेषी सरकारनं १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याखाली काळ्या मुलांना आठ वर्षं मातृभाषेत शिकवायचं ठरवलं, ते त्यांच्या भल्यासाठी नव्हे. त्यांना वरच्या शिक्षणापासून आणि चांगल्या नोकऱ्यांपासून लांब ठेवायचं होतं. मग १९७६ मध्ये आफ्रिकान्स लादण्याविरुद्ध जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोची मुलं रस्त्यावर आली आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर मातृभाषेची वर्षं कमी झाली आणि सुरुवातीच्या इयत्तांनंतर इंग्रजी हा रस्ता रूढ झाला. ज्या आजीनं हे सगळं पाहिलं ती नातवासाठी इंग्रजी मागते, तेव्हा तिच्याकडे कारण असतं. १९९७ चं भाषाधोरण कागदावर बहुभाषिक आहे, पण लोकांच्या आठवणी धोरणानं बदलत नाहीत. वर्गातली मुलं खरोखर वाचू लागली की पालकांचं मत बदलतं. हे मी अनेक गावांत पाहिलंय.

आता मुख्य गोष्ट, वर्ग.

बाहेरच्या माणसाला इसिखोसा म्हटलं की आधी जिभेचे 'क्लिक' ध्वनी आठवतात, आणि तीच अडचण असेल असं वाटतं. मुलांना ते अजिबात अवघड नाहीत, शाळेत येण्याआधीच ती सराईतपणे बोलत असतात. मराठी माणूसही हे आवाज काढतो, फक्त शब्दांत वापरत नाही. कीव आली की आपण दातांमागे जीभ लावून 'च्च्' करतो तो इसिखोसात 'सी' या अक्षराचा उच्चार. बैल हाकताना गालाच्या बाजूनं निघतो तो 'एक्स'चा. टाळूवरून जीभ खाली आपटल्यावर निघणारा मोठा आवाज 'क्यू'चा.

खरी अडचण कागदावर आहे. या तीन अक्षरांना 'एच', 'जी', 'एन', 'एनजी', 'एनके' अशी जोड मिळते आणि प्रत्येक वेळी ध्वनी बदलतो. क्लिक नसलेलीही अशी गठ्ठ्याची व्यंजनं पुष्कळ आहेत: 'एच-एल', 'डी-एल', 'टी-वाय-एच', 'एन-टी-एस-एच'. मराठी जोडाक्षरात 'स्त' म्हटलं की स आणि त दोन्ही ऐकू येतात. इसिखोसातला 'एच-एल' हा ह आणि ल यांची बेरीज नाही, तो एकच ध्वनी आहे. मुलाला अक्षरांची नावं पाठ असली आणि ते 'एच, एल, ए' असं म्हणत बसलं तर त्यातून शब्द कधीच निघत नाही. आणि बहुतेक वर्गांत नेमकं हेच चाललेलं असतं.

त्यात भर म्हणजे पहिलीपासूनच इंग्रजी हा दुसरा विषय असतो. इंग्रजीच्या तासाला 'पी-एच' म्हणजे 'फोन'मधला फ, आणि इसिखोसाच्या तासाला 'पी-एच' म्हणजे महाप्राण प, आपला जुना ओठ मिटून म्हणायचा फ. 'टी-एच' इसिखोसात थ, इंग्रजीत दुसरंच काही. 'सी', 'क्यू', 'एक्स' तर पूर्ण वेगळे. भिंतीवर दोन्ही भाषांचे तक्ते शेजारी शेजारी लावलेले असतात आणि सहा वर्षांच्या मुलानं हा घोळ एकट्यानं सोडवायचा असतो. माझा सल्ला असा की पहिलीत इंग्रजी फक्त कानांनी आणि तोंडानं असू द्या: गाणी, गप्पा, सूचना, गोष्टी. इंग्रजी लिपीचे नियम इसिखोसाचं वाचन रुळल्यावर आणा.

या भाषेची एक मोठी देणगी आहे. स्वर पाच, आणि लिहिलं तसं वाचायचं. जवळजवळ प्रत्येक अवयव (शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, जसा 'मा') स्वरानं संपतो. इंग्रजीतल्या मुलाला जी वर्षं नियमबाह्य स्पेलिंग पाठ करण्यात घालवावी लागतात ती इसिखोसाच्या मुलाला लागत नाहीत. म्हणून इथे 'शब्द पाहा आणि ओळखा' ही पद्धत वापरायला काहीच कारण नाही. शंभर नेहमीचे शब्द चित्रासारखे पाठ करणं इंग्रजीत थोडंफार चालतं, कारण तिथे तेच छोटे शब्द पुन्हा पुन्हा येतात. इसिखोसात एकाच धातूची शेकडो रूपं होतात, त्यामुळे तोच शब्द तसाच्या तसा पुन्हा भेटणं दुर्मीळ. मूल सुरुवात पाहून अंदाज बांधतं. 'आबान्तू' म्हणजे माणसं, 'आबान्त्वाना' म्हणजे मुलं, 'आबान्त...' दिसलं की जे आठवेल ते म्हणून टाकतं. तुमच्या वर्गात चुका ऐका. शब्दाची सुरुवात बरोबर आणि शेवट ठोकून दिलेला, असं वारंवार आढळलं तर मुलांना अंदाज शिकवला गेलाय, वाचन नाही.

दुसरं टोकही आहे. फळ्यावर 'मा, मे, मी, मो, मू' लिहून सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. आपल्या बाराखडीशी हे फार जवळचं आहे आणि अवयव पक्के करायला ते उपयोगीही पडतं. पण अर्धी मुलं शेजाऱ्याच्या ओठांकडे बघून म्हणत असतात. एकसुरात म्हणणं संपल्यावर प्रत्येक मुलानं एकट्यानं काहीतरी वाचलंच पाहिजे, रोज, मग ते दोन ओळी का असेनात. पन्नास मुलांच्या वर्गात हे कसं जमणार हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. रोज दहा मुलं, छोट्या गटात, शिक्षिकेच्या पुढ्यात. बाकीच्यांनी तेवढ्या वेळात जोडीनं वाचायचं किंवा लिहायचं. आठवड्यात सगळ्यांचा नंबर येतो. इथल्या अभ्यासक्रमात पहिल्या इयत्तांना घरच्या भाषेसाठी आठवड्याला सात-आठ तास दिलेले आहेत. वेळ आहे, तो सामूहिक घोषात आणि फळ्यावरून उतरवून घेण्यात संपतो.

क्रम साधा ठेवा. आधी पाच स्वर, मग म, ल, न यांसारखी सोपी आणि खूप वापरातली व्यंजनं. लगेच शब्द करा: 'उमामा' (आई), 'इमेला' (सुरी). अवयव जोडणं जमलं की गठ्ठ्याची व्यंजनं एकेक करून, प्रत्येकाला स्वतंत्र अक्षराचा मान देऊन, आणि त्या आठवड्याचे शब्द-वाक्यंही त्याच ध्वनीची. दुसरीपासून शब्द फोडायला शिकवा. 'आ-न्दी-का-यी-फु-न्दी' हे आधी अवयवांनी, मग तुकड्यांच्या अर्थानं. मूल बोलताना हे तुकडे रोज वापरतं, ते फक्त कागदावर ओळखायचे असतात. 'फुन्दा' हा धातू एकदा सापडला की 'उकुफुन्दा', 'न्दियाफुन्दा', 'आबाफुन्दी' सगळे ओळखीचे वाटतात. लांब शब्दांची भीती याच कामानं जाते. आणि बहुतेक वर्गांत हे काम होतच नाही, कारण शिक्षिकांनी स्वतः महाविद्यालयात वाचनाचं शास्त्र इंग्रजीतून, इंग्रजीच्या उदाहरणांवर शिकलेलं असतं. यात त्यांचा दोष नाही.

पुस्तकांचं एका वाक्यात सांगायचं तर भाषांतरित पुस्तकानं सुरुवात करू नका. इंग्रजीत 'कॅट सॅट' सोपं असतं, त्याचं इसिखोसा भाषांतर पहिलीच्या मुलाला डोंगर होऊन बसतं. मोल्टेनो संस्थेची 'व्हुला बुला' ही क्रमिक वाचनमाला आफ्रिकी भाषांच्याच ध्वनिक्रमावर उभी केलेली आहे, तिच्यापासून आरंभ करा. पुढे गोष्टींसाठी 'नालिबाली' ही वाचनचळवळ आहे, केपटाऊनच्या 'बुक डॅश'ची मोफत पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर इसिखोसा आणि मराठी दोन्हींत पुस्तकं मिळतात. तुम्ही मराठीत वाचलेली गोष्ट तिथे इसिखोसात सापडली तर भाषा शिकायला तुम्हालाही मदत होईल.

अर्थाकडेही पहिल्या दिवसापासून लक्ष हवं. मुलाला वाचता येत नसतानाही त्याला मोठ्या गोष्टी ऐकवा. खोसा घरांत 'इन्त्सोमी', म्हणजे आजीच्या लोककथा, अजून आहेत. 'क्वाथी के कालोकू' अशी सुरुवात झाली की मुलं सरसावून बसतात. अशा आजींना शाळेत बोलवा. त्या गोष्टींत शब्दसंपत्ती आहे, प्रसंगामागची कारणं आहेत, पुढे काय होईल याचा विचार आहे. चाचणीत जे प्रश्न मुलांना अडवतात ते याच प्रकारचे असतात: त्यानं असं का केलं, तुला हे कशावरून वाटतं. वर्गात मात्र बहुधा 'मुलाचं नाव काय, कुत्रा कुठे गेला' एवढंच विचारलं जातं. आणि बोली जपून ऐका. म्पोन्डो किंवा भाका भागातलं मूल पाठ्यपुस्तकातल्या प्रमाण इसिखोसापेक्षा वेगळं बोलतं. विदर्भातल्या किंवा मालवणातल्या मुलाला पहिलीत जे सोसावं लागतं तेच त्याचं होतं. त्याचं बोलणं चूक ठरवलंत की ते गप्प होईल.

शिक्षकांना मदत कशी करायची, याबद्दल इथे चांगला पुरावा आहे. नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ पासून सेत्स्वाना वाचनावर मोठा अभ्यास झाला. एका गटातल्या शिक्षकांना एका जागी जमवून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या गटात तेच पाठ आणि साहित्य, पण प्रशिक्षक वर्गात येऊन शिक्षिकेच्या शेजारी बसायचा. दुसऱ्या गटाचा फायदा पहिल्यापेक्षा बराच जास्त होता. 'फुन्दा वान्दे' या संस्थेनं ईस्टर्न केपमध्ये इसिखोसासाठी असंच काम केलंय, आणि लिम्पोपोमध्ये गावातल्याच तरुणांना साहाय्यक शिक्षक म्हणून तयार केल्यावर मुलांचं वाचन लक्षणीय सुधारलं. तुम्ही संस्थेच्या वतीनं तिथे आहात, तर कार्यशाळांपेक्षा वर्गात बसा.

चौथीची घसरण हा याच गोष्टीचा पुढचा भाग आहे. आजवरची पद्धत अशी: जानेवारीत वर्ष सुरू होतं आणि एकदम गणित, विज्ञान, समाजशास्त्र यांची पुस्तकं इंग्रजीत येतात. शिक्षिका समजावते इसिखोसात, फळ्यावर लिहिते इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. ज्या मुलाचं घरच्या भाषेतलं वाचन अजून अडखळतं आहे ते परक्या भाषेत वाचून नवं ज्ञान मिळवेल अशी अपेक्षा शाळा करते. गणितात मागे पडलेलं मूल पुष्कळदा गणितात मागे नसतंच, त्याला उदाहरण वाचता आलेलं नसतं. एकदा तेच शाब्दिक उदाहरण इसिखोसात तोंडी सांगून पाहा, किती उत्तरं बरोबर येतात ते मोजा, आणि मुख्याध्यापकांना दाखवा. संख्यांबाबत मात्र सावध राहा. त्रेपन्नला इसिखोसात 'आमाशुमी आमाश्लानू आनेसिथाथू' म्हणतात, आणि बऱ्याच मुलांना घरीदारी इंग्रजी आकडेच जास्त सवयीचे असतात. दोन्ही नावं वापरू द्या.

या बाबतीत तुमचा प्रांत देशात पुढे आहे. कोफिम्वाबा भागात २०१२ पासून चौथीपासून पुढेही गणित आणि विज्ञान इसिखोसात शिकवून पाहिलं गेलं, आणि तिथून प्रांतातल्या पुष्कळ शाळांत ते पसरलं. २०२५ पासून चौथीत मातृभाषाधारित द्विभाषिक शिक्षण देशभर सुरू झालं आहे. इसिखोसात शास्त्रीय विचार मांडता येत नाहीत असं कुणी म्हणालं तर मखान्डाच्या ऱ्होड्स विद्यापीठात २०१७ मध्ये इसिखोसात लिहिलेला पीएच.डी. प्रबंध मान्य झाला हे सांगा. ईस्टर्न केपमधल्या त्युमे खोऱ्यातल्या मिशनवर छापखाना आला तो १८२३ मध्ये, आपल्या 'दर्पण'च्या नऊ वर्षं आधी. भाषेला छापील परंपरा दोनशे वर्षांची आहे.

तुमच्या शाळेत हे द्विभाषिक चौथीचं वर्ष कसं चाललंय ते पाहताना तीन गोष्टी विचारा. गणिताचं पुस्तक दोन्ही भाषांत मुलाच्या हातात खरोखर आहे का? परीक्षेची प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत येते का, आणि मुलानं इसिखोसात लिहिलेलं उत्तर पूर्ण गुणांना पात्र धरलं जातं का? आणि तिसरीतून ३५ शब्दांच्या खाली राहून आलेल्या मुलांसाठी चौथीत वाचनाचा वेगळा तास आहे का? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी 'नाही' असं मिळतं. तो तास मिळवणं हे तुमचं पहिलं काम समजा. दिवसाला अर्धा तास, मुलांची इयत्ता न बघता वाचनाची पातळी बघून गट करा. ही रीत मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम'नं भारतात रुजवली आणि झांबियासारख्या देशांनी सरकारी शाळांत उचलली. तिथल्या अनुभवावरून तुमच्या मुख्याध्यापकांना समजावणं सोपं जाईल. पहिल्या आठवड्यात फक्त तपासणी करा: प्रत्येक मूल, एक मिनिट अक्षरध्वनी, एक मिनिट उतारा, आणि त्यावर चार प्रश्न. वहीत नावासमोर आकडा लिहा आणि कुठल्या गठ्ठ्याच्या व्यंजनावर अडलं तेही लिहा. गट त्या वहीवरूनच पाडा.